कापूस, कोलोडियन आणि कार्लॉफचे डोळे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: प्रोस्थेटिक मेकअपच्या कोर्सला शिकवणाऱ्या बाईंनी १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' बघायला लावला. तू तो रात्री एकट्याने, दिवे मालवून बघितलास आणि तुला एकदाही भीती वाटली नाही. मग नव्वद वर्षांपूर्वीचे हे मॉन्स्टर सिनेमे लोक अजून का बघतात? आणि सिलिकॉन, थ्रीडी प्रिंटिंग हाताशी असताना त्यातून शिकण्यासारखं काय उरलंय?

भीती वाटली नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तो पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, खडखडणाऱ्या १६ मिमी प्रोजेक्टरवर. तेव्हा मी नाटकवाल्यांना दाढीमिशा चिकटवून देणारा उमेदवार होतो. पहिला अर्धा तास लोक चक्क हसत होते. मग तो प्रसंग आला. छपरातली झडप उघडते, वरून उजेड पडतो आणि आयुष्यात पहिल्यांदा उजेड बघणारा तो धिप्पाड प्राणी हात वर करून उजेडच धरायला जातो. झडप बंद होते. हात तसेच रिकामे राहतात. सभागृहातलं हसू तिथे थांबलं ते पुन्हा काही आलं नाही.

त्या रिकाम्या हातांपाशीच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. भीती फार लवकर शिळी होते. १९४८ साली युनिव्हर्सल स्टुडिओने स्वतःच ड्रॅक्युला, लांडगामाणूस आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस हे आपले तिन्ही हुकमी पत्ते अॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीपुढे उभे केले आणि लोक पोट धरून हसले. म्हणजे भीतीची मुदत जेमतेम सतरा वर्षं. त्यानंतरचा सगळा काळ हे सिनेमे दुसऱ्याच कशावर तरी जगतायत. ते दुसरं काय, हे मी आमच्या खुर्चीमागे उभा राहून सांगू शकतो, कारण त्यातलं बरंचसं रंगभूषेत आहे.

जॅक पिअर्स हे नाव वहीत लिहून ठेव. मूळचा ग्रीक, युनिव्हर्सलच्या मेकअप खात्याचा प्रमुख. त्याच्यापुढे खुर्चीत बसलेला, राक्षसाचं काम करणारा बोरिस कार्लॉफ तेव्हा चव्वेचाळिशीला टेकला होता. वर्षानुवर्षं किरकोळ भूमिका केलेला, मधल्या काळात ट्रक चालवून पोट भरलेला नट. पिअर्सने आधी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: डॉक्टर फ्रँकेन्स्टाइनने हे डोकं उघडलं कसं असेल? तो काही निष्णात शल्यविशारद नव्हे. तो डब्याचं झाकण काढावं तशी कवटी वरून सरळ कापेल, मेंदू ठेवेल आणि झाकण परत बसवून पकडी मारेल. म्हणून डोकं वरून सपाट, म्हणून कपाळावर व्रण आणि पकडी. मानेतले ते दोन खिळे लोक बोल्ट समजतात, पण ते विजेचे अग्र आहेत; प्रवाह आत सोडायचा तर कुठून तरी सोडावा लागणारच. चेहऱ्यावर एकही गोष्ट 'भयानक दिसावं' म्हणून लावलेली नाही. प्रत्येक गोष्ट त्या प्राण्यावर आधी काय गुदरलंय ते सांगते.

सामान काय, तर कापूस, कोलोडियन (वाळलं की कातडीसारखा थर धरणारा चिकट द्रव), स्पिरिट गम (त्वचेवर चिकटवायचा डिंक) आणि ग्रीजपेंट (तेलकट रंग). ते कपाळ रोज नव्याने, कापसाचे थर कोलोडियनने बसवत बसवत उभारलं जाई. चारेक तास चढवायला, आणि काढायलाही बराच वेळ. रंग हिरवट करडा, कारण काळ्यापांढऱ्या फिल्मवर तो प्रेतासारखा पांढुरका उतरायचा. आज लहान मुलं फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस हिरवा रंगवतात तो रंग प्रेक्षकांसाठी नव्हताच, तो कॅमेऱ्यासाठी होता. (आणि हो, फ्रँकेन्स्टाइन हे बनवणाऱ्याचं नाव. बनलेल्याला नावच नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नटाच्या जागीसुद्धा नुसतं प्रश्नचिन्ह होतं.)

आता पिअर्सने काय लावलं नाही ते बघ, कारण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. गाल, तोंड, हनुवटी जवळजवळ कार्लॉफचीच आहेत. त्याला एका बाजूला दातांचा ब्रिज होता. तो त्याने काढून ठेवला आणि तो गाल आत ओढला गेला. म्हणजे एवढा प्रसिद्ध खप्पड गाल काही न लावता मिळाला. पापण्यांवरचं मेण ही कार्लॉफची सूचना. आपले डोळे फार जागे, फार समजूतदार दिसतायत असं त्याला वाटलं, म्हणून वरच्या पापण्या मेणाने जड केल्या. आता त्या जड पापण्यांखालून तो बघतो तेव्हा नुकतं झोपेतून उठवलेलं मूल बघतंय असं वाटतं. कोटाच्या बाह्या आखूड केल्या तेव्हा हात लांब दिसायला लागले. पायात रस्त्यावर डांबर पसरवणारे मजूर घालत तसले बूट, एकेक सुमारे सहा किलोचा. ती चाल नटाने बसवलेली वगैरे नाही. तसले बूट घातले की तसंच चालावं लागतं.

याचा अर्थ मला वाचून कळला नाही, मार खाऊन कळला. धंद्यात पडून चार-पाच वर्षं झाली होती. एका बालनाट्यात ब्रह्मराक्षस होता. मी उत्साहाच्या भरात अख्खा लेटेक्सचा चेहरा ओतला. सुळे, शिंगं, मस्से, काही सोडलं नाही. पंधरा दिवस खपलो. पहिल्या प्रयोगाला ब्रह्मराक्षसाची एन्ट्री झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने मोठ्याने विचारलं, "काका, आत गरम होतंय का?" संपलं. पुढचे दोन तास तो ब्रह्मराक्षस नव्हता, रबरातला काका होता. प्रयोगानंतर रंगपटात त्या नटाने घाम पुसत सांगितलं, "अरे, मी आत काहीही केलं तरी बाहेर पोचत नाही. मी जांभई दिली तरी कोणाला कळणार नाही." दुसऱ्या प्रयोगाला मी कपाळ आणि नाक तेवढं ठेवलं, बाकी सगळं कापून टाकलं आणि डोळ्यांभोवती नुसतं काजळ ओढलं. तीच एन्ट्री. यावेळी पोरं आयांच्या पदराआड गेली, आणि शेवटी ब्रह्मराक्षस हरला तेव्हा दोघीतिघी रडल्यासुद्धा.

मुखवटा आणि रंगभूषा यात हाच फरक. मुखवटा चेहरा झाकतो. चांगली रंगभूषा नटाच्या हाडांवर उभी राहते आणि डोळ्यांना वाट मोकळी ठेवते.

लॉन चेनी या नटाला हे मूकपटाच्या काळातच कळलं होतं. त्याचे आईवडील दोघंही बहिरे-मुके. घरात बोलणं म्हणजे चेहरा आणि हात. १९२५ च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'मधला तो कवटीसारखा चेहरा त्याने स्वतःच स्वतःवर केला, आणि सिनेमा लागेपर्यंत स्टुडिओने त्याचा एकही फोटो बाहेर जाऊ दिला नाही. नायिका मागून येऊन मुखवटा ओढते तो प्रसंग बघ. आधी चेहरा आपल्याला दिसतो, नंतर तिला. आपण घाबरून चुकलेलो असतो, आणि मग तिचं घाबरणं बघताना त्याच्याही तोंडावर काय होतं ते दिसतं. स्वतःला कोणी बघावं आणि बघू नये, दोन्ही एकाच वेळी.

बेला लुगोसीच्या ड्रॅक्युलाचं वेगळंच. तिथे आम्हा रंगभूषावाल्यांना फारसं कामच नाही. सुळे नाहीत, रक्ताचे ओघळ नाहीत. हा हंगेरियन नट ब्रॉडवेवर ती भूमिका करून आलेला, इंग्रजी त्याची नव्हे, आणि तो शब्द इतके सावकाश टाकतो की प्रत्येक शब्द थडग्यातून उचलून आणल्यासारखा वाटतो. डोळ्यांवर प्रकाशाची बारीक तिरीप टाकली, की झाला राक्षस. बोलपट नुकता आलेला असल्याने पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ती शांतता आज अवघड जाते, पण एकदा सवय झाली की पायऱ्यांवरचा कपड्याचा आवाजही ऐकू येतो. बाकी सिनेमा मध्येच झोपतो हे मी मान्य करतो. आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या किल्ल्यात अमेरिकेतले आर्माडिलो (अंगावर कवच असलेले प्राणी) फिरताना दिसतात ते का, हे मला आजवर कोणी पटेलसं सांगितलेलं नाही. त्याच सेटवर रात्री दुसऱ्या चमूने स्पॅनिश आवृत्ती चित्रित केली. कॅमेरा तिच्यात जास्त मोकळा आहे, पण तिच्याकडे लुगोसी नाही. दोन्ही लागोपाठ बघ, तंत्र आणि नट यातलं कोण जास्त टिकतं ते तुझं तुलाच कळेल.

'द ममी' (१९३२) बघताना एक गंमत लक्षात घे. पिअर्सने कार्लॉफला आठ तास बसवून पट्ट्यांत गुंडाळला, आणि त्या रूपात तो पडद्यावर जेमतेम दोन-चार मिनिटं आहे. ममी चालताना तर दाखवलेलीच नाही. शवपेटीत एक डोळा किंचित उघडतो. एक हात मंत्राच्या गुंडाळीवर येतो. मग दाराबाहेर सरपटत जाणाऱ्या पट्टीचं टोक, आणि वेड लागून हसत सुटलेला तरुण संशोधक. आठ तासांचं काम दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंडने चार शॉट्सवर उधळलं आणि ते योग्यच केलं. तुला असा दिग्दर्शक भेटेल तेव्हा चिडू नकोस.

रूपावरून आता गोष्टीकडे येतो, कारण नुसत्या कपाळावर कोणी नव्वद वर्षं जगत नाही. या सगळ्यांत एक धागा आहे: यातल्या बहुतेकांनी राक्षस व्हायला कोणाकडे अर्ज केला नव्हता. एकाला प्रेतांचे तुकडे जोडून उठवलं आणि तोंड बघून टाकून दिलं. लांडगामाणूस एका बाईला वाचवायला धावला आणि स्वतः चावला गेला. १९३३ च्या किंग काँगला तर त्याच्या बेटावरून साखळ्या घालून न्यूयॉर्कला आणलं.

'फ्रँकेन्स्टाइन'मधला तळ्याकाठचा प्रसंग आठव. छोटी मारिया राक्षसाला घाबरत नाही, त्याच्या हातात फुलं देते. दोघं फुलं पाण्यात टाकतात, ती तरंगतात. फुलं संपतात. तो तिला उचलतो आणि पाण्यात टाकतो, तीही तरंगेल म्हणून. हा शेवटचा तुकडा कित्येक दशकं कापलेला होता. प्रेक्षकांना दिसायचं ते एवढंच: त्याने मुलीकडे हात नेले, आणि नंतर बाप तिचं प्रेत उचलून गावातून चाललाय. मधल्या वेळात काय झालं असेल याची लोकांनी केलेली कल्पना मूळ प्रसंगापेक्षा कितीतरी घाण असणार. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला तेव्हा राक्षस निर्दोष ठरला, आणि सिनेमा जास्त क्रूर झाला.

आणि 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) चुकवू नकोस. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा सरस आहे. त्यात जंगलात राहणारा एक म्हातारा राक्षसाला घरात घेतो, जेवू घालतो, व्हायोलिन ऐकवतो, बोलायला शिकवतो. म्हातारा आंधळा आहे. सगळ्या सिनेमात ज्याला पिअर्सचा मेकअप दिसत नाही असा हा एकच माणूस, आणि तोच त्याला मित्र म्हणतो! आमच्या कामावर याहून बोचरी टीका मी बघितलेली नाही.

दिग्दर्शक जेम्स व्हेल पहिल्या महायुद्धात लढलेला आणि जर्मनांच्या कैदेत राहिलेला. त्या युद्धाने हजारो तरुणांचे चेहरे उडवले होते. लंडनमध्ये फ्रान्सिस डर्वेंट वुड नावाच्या शिल्पकाराने इस्पितळात अशा सैनिकांसाठी पत्र्याचे पातळ मुखवटे घडवायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये अॅना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनी तेच काम केलं: साचा घ्यायचा, त्यावरून तांब्याचा पातळ मुखवटा बनवायचा, त्वचेच्या रंगाने रंगवायचा, भुवया-मिशांना खरे केस लावायचे. तू आज शिकतोयस त्या विद्येचे हे पूर्वज आहेत, आणि त्यांचं काम उलटं होतं: भयानक झालेल्या चेहऱ्याला माणसात परत आणायचं. १९३१ च्या प्रेक्षकाने असे शिवलेले चेहरे रस्त्यावर बघितलेले होते. त्यात महामंदी, रांगा, बेकारी. आखूड कोट आणि मजुराचे बूट घातलेला, कोणालाच नको असलेला तो धिप्पाड माणूस त्यांना अगदीच परका वाटला असेल असं मला वाटत नाही. कार्लॉफ स्वतः १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नटांच्या संघटनेच्या, स्क्रीन अॅक्टर्स गिल्डच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. त्या मेकअपमध्ये काढलेल्या तासांचा यात वाटा होताच.

कार्लॉफवरून आठवलं. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि घराणं अँग्लो-इंडियन. सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेलेली आणि त्यावरच्या पुस्तकांमुळे गाजलेली अॅना लिओनोवेन्स ही त्याच्या आजीची, आईच्या आईची, सख्खी बहीण. ही अॅना १८३१ साली जन्मली ती आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. त्यामुळे नगरच्या माझ्या मित्रांना मी सांगत असतो, की हॉलिवूडच्या राक्षसाची चुलत का होईना पण आजी तुमच्याकडची. नातं मी सोयीने जवळ ओढतो, ते सोड.

हात पुढे पसरून चालणारा राक्षस तू कार्टूनमध्ये बघितला असशील. कार्लॉफ तसा चालत नाही. १९४२ च्या भागाच्या शेवटी राक्षस आंधळा होतो आणि १९४३ मध्ये तो लुगोसीने केला तो आंधळा म्हणूनच, चाचपडत. मग संकलनात आंधळेपणाचे सगळे उल्लेख उडवले गेले, चाचपडणं तेवढं राहिलं, आणि जगाने तीच त्याची चाल म्हणून उचलली. असंच सूर्यप्रकाशाचं. ड्रॅक्युलाच्या १८९७ च्या कादंबरीत तो दिवसाढवळ्या फिरतो. उन्हात विरघळून मरणं आलं १९२२ च्या जर्मन 'नोस्फेरातू'मधून, ज्याच्या सगळ्या प्रती नष्ट करा असा आदेश कोर्टाने कॉपीराइटच्या खटल्यात दिला होता. काही वाचल्या, म्हणून आज तो नियम आहे. लांडगामाणसाचं ते जुनं वाटणारं कवनही कर्ट सिओडमॅकने १९४१ च्या पटकथेसाठी स्वतः रचलेलं. लोक त्याला लोकगीत समजतात. दंतकथा कशा बनतात हे बघायचं तर याहून चांगली जागा नाही; सगळ्या तारखा उपलब्ध आहेत.

टिकण्याचं आणखी एक कारण अगदीच व्यवहारी आहे. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे ५२ जुने सिनेमे 'शॉक' या नावाने अमेरिकन टीव्ही केंद्रांना भाड्याने दिले गेले. थिएटरात हसण्यावारी गेलेले राक्षस रात्री उशिरा, छोट्या पडद्यावर मुलांना भेटले. त्यातली बरीच पोरं पुढे रंगभूषाकार, दिग्दर्शक झाली. मुलांना राक्षस का आवडतो याला फार मोठं उत्तर लागत नाही: त्याला बोलता येत नाही, सगळे त्याच्यावर ओरडतात, आणि त्याच्या हातून नेहमी काहीतरी फुटतं.

जपानचा १९५४ चा गॉडझिला या रांगेत बसवायला काही जण कुरकुरतात, मी बसवतो. रबरी पोशाख खरा, आत हारुओ नाकाजिमा घामाने निथळत होता हेही खरं, आणि तरी तो चालतो, कारण त्याची खडबडीत कातडी ही अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या अंगावरच्या व्रणांवरून घेतलेली आहे. पुन्हा तेच, पिअर्सचं कपाळ. त्याच वर्षीच्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'चा जलमानव घडवणाऱ्या मिलिसेंट पॅट्रिक या बाईंचं श्रेय मात्र कित्येक वर्षं खातेप्रमुखाच्या नावावर राहिलं. आपलं काम फोटो काढून, तारीख घालून ठेवत जा.

आपल्याकडे रामसे बंधूंची सुरुवातही अशीच. त्यांच्या वडिलांनी काढलेला १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरचा प्रसंग बघायला लोक येतायत हे पोरांच्या ध्यानात आलं. पुढे 'पुराना मंदिर'चा (१९८४) सामरी हा राक्षस गाजला तो अनिरुद्ध अगरवालच्या उंचीवर आणि चेहऱ्याच्या ठेवणीवर. हाडं! आणि 'तुंबाड'मधली (२०१८) ती म्हातारी आजी कोण होती ठाऊक आहे ना? मोहम्मद समद, सिनेमात नायक विनायकच्या मुलाचं काम करणारा पोरगा. त्या मेकअपमधून एका पोराचे डोळे बघतात म्हणून ती इतकी अस्वस्थ करते.

तुला करायचं असेल तर एक कर. 'फ्रँकेन्स्टाइन' परत लाव, आवाज बंद कर, आणि राक्षस पहिल्यांदा खोलीत येतो तिथे थांब. तो पाठमोरा येतो. वळतो. मग तीन तुकड्यांत कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. प्रत्येक तुकडा थांबवून कागदावर फक्त एवढंच काढ: कुठे रंगभूषा संपते आणि कुठे माणूस सुरू होतो. तिसऱ्या तुकड्यात तुझी रेघ अडेल.

मग कोणातरी मित्राला खुर्चीत बसव. त्याचा चेहरा आधी पाच मिनिटं नुसता बघ, बोटांनी हाडं चाचप. लावायला चार तास घे हवे तर, पण काढायला निदान एक तास ठेव. गम सोडवताना ओढू नकोस, रिमूव्हर कडेने मुरू दे, आणि पापण्यांपासून सुरुवात कर. तो चार तास गप्प बसलेला असतो.